कोकणातल्या सलग पावसात मन उदास होतं, काय करावं?

रत्नागिरीत पहिलाच पावसाळा काढताय, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि उन्हासाठी जीव तळमळतो, असं तुम्ही लिहिलंय. हे मनाचे खेळ नाहीत. इथे जून ते सप्टेंबर ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सगळ्यात जास्त जुलैत. उजेड कमी झाला की शरीराचं झोप-जागेचं घड्याळ बिघडतं, मग सुस्ती येते.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास पडवीत किंवा ओटीवर बसा. ढगाळ आकाशाखालीही हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली जेमतेम काहीशे. चहा बाहेरच घ्या. सर थांबली की छत्री घेऊन बाहेर पडा, फक्त खवळलेल्या समुद्राजवळ जाऊ नका. दुपारची लांब झोप टाळा, रात्रीची तीच बिघडवते.

ओले कपडे आणि कुबट वास यांनीही मन खचतं, हे कुणी फारसं बोलत नाही. एका खोलीत दोरी बांधून पंखा लावा.

माणसांत राहा. बाजारात टाकळा, भारंगी अशा रानभाज्या आल्या की घ्या आणि कशा करायच्या ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा. तेवढ्यावरून ओळखी होतात. श्रावणात ऊन-पाऊस सुरू होतो, नारळी पौर्णिमेनंतर हवा हळूहळू मोकळी होते, आणि गणपतीला गावं भरून जातात.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जेवण-झोप सुटली, तर डॉक्टरांना दाखवाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो.