आधी गंधार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या दरबारी रागाचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. 'दरबारी नव्हे, अडाणा वाटला' असं परीक्षक म्हणाले, तर बरोबरच म्हणाले. दोन्ही रागांत गंधार (ग) आणि धैवत (ध) कोमलच, म्हणजे उतरलेले. पण अडाणा तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या 'सा'भोवती खेळतो, दरबारी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात मुरतो. तू दुसऱ्या मिनिटाला तार षड्ज गाठलास आणि वर मला विचारतोस, आणखी ताना बसवू का? नको. आधी गंधार.

त्याआधी पट्टी, म्हणजे कुठला सा धरून गातोस ते तपास. मंद्र पंचम (प) नुसता घरघरत असेल तर सा अर्ध्या स्वराने वर घे. वरचं थोडं आखडेल, आखडू दे.

आता गंधार. मध्यमाला (म) ओझरतं शिवून त्यावर ये, ऋषभाच्या (रे) अंगाला झुकव, पण ऋषभावर टेकू नकोस. एका श्वासात तीन-चार झोके पुरे. तुझे झोके इतके जलद आहेत की नुसती थरथर ऐकू येते. पेटीवर ताडून पाहू नकोस; हा गंधार पेटीवरच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला असतो, शिवाय पेटीत मींड, स्वरावरून स्वरावर अखंड घसरणं, कुठून येणार? तानपुरा घे आणि रोज वीस मिनिटं मंद्र पंचमापासून मध्य गंधारापर्यंतच फीर. कंटाळा येईल. यायलाच हवा.

उतरताना 'म ग रे सा' सरळ आलं की आसावरी राग डोकावतो. तुझ्याकडून चारदा आलं! 'ग म रे सा' हवं, आणि वरून येताना 'सां ध नि प'.

तानांचं म्हणशील, तर जलद लयीत गंधार-धैवताला झुलायला जागा नसते. म्हणून जाणते गवई तिथे ते गाळून 'नि प म रे सा' अशी सारंग रागाची वाट धरतात. पण गाळायला आधी गंधार गळ्यात असावा लागतो ना?

परंपरेने हा राग तानसेनाचा, अकबराच्या दरबारातला. नावाला भुलून लोक छाती फुगवून गातात. अरे, दरबारात घाई असते ती अर्ज घेऊन आलेल्याला. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा दरबारी ऐक, झूमरा तालाच्या 14 मात्रा किती सावकाश सरकतात ते बघ.

हटवादी म्हणतात मला, म्हणोत. गंधार पिकायच्या वयात मी ताना घोटल्या. त्या आता गळ्यात उरल्या नाहीत, म्हणून तुला इतकं टोचून सांगतो.

पुढचं रेकॉर्डिंग दहा मिनिटांचं पाठव. मध्य पंचमाच्या वर जायचं नाही, तबला नको. फोन तानपुऱ्याजवळ ठेव, म्हणजे गंधार कुठे सुटतो ते मला नीट ऐकू येईल.