रिपोर्ट माझा, नाव सरांचं

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे, तिसरं वर्ष चालू आहे. विषय आहे जांभ्याच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) वाढणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतींच्या बियांचा. माझ्या गाइडसरांकडे जर्नल्सचे पेपर रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी तपासून मत द्यायला, येतात. सर ती पीडीएफ मला पाठवतात, "दोन पानं लिहून दे" म्हणतात आणि मी लिहिलेला रिपोर्ट त्यांच्या नावाने जातो. असे पाच झाले. गेल्या आठवड्यात आलेला पेपर मात्र थेट माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणाचा आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका गटाने तेच काम केलंय आणि बिया रुजवायची त्यांची पद्धत माझ्यापेक्षा सरस आहे. सर म्हणाले, "कडक लिही, म्हणजे आपल्याला सहा महिने मिळतील." तेव्हापासून झोप लागत नाही. सरांना नाही कसं म्हणू?

उत्तर : आधी तातडीचं सांगते. हा रिपोर्ट लिहू नका. त्यातली पद्धत लॅबमध्ये करून बघू नका, अगदी 'एकदाच बघते' म्हणूनही नको. फाइल मैत्रिणीला दाखवू नका आणि इंग्रजी सुधारायला एखाद्या चॅटबॉटमध्येही टाकू नका. छापून येईपर्यंत ते काम त्या लोकांचं आहे. त्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू तुमच्या टेबलावर आली आहे, आणि तीही त्यांना न कळता.

सरांपुढे नीतीच्या गोष्टी काढू नका, ते दुखावतील आणि तुमची तीन वर्षं त्यांच्या हातात आहेत. एवढंच म्हणा : "सर, हा पेपर माझ्या तिसऱ्या प्रकरणाला फार लागून आहे. उद्या थिसिसवर कोणी बोट ठेवलं तर आपल्या दोघांकडे उत्तर नसेल. आपल्याकडे हेच काम चालू आहे असं संपादकांना कळवून पेपर परत करूया का?" मी नऊ वर्षं एका छोट्या जर्नलचं संपादन केलं. अशा दोन ओळी आल्या की मला हायसं वाटायचं आणि त्या माणसाला पुढचा पेपर मी डोळे झाकून पाठवायचे. ज्यांनी न बोलता आठ-आठ महिने पेपर दाबून ठेवले, तेही मला आठवतात. त्यातल्या एका पेपरची लेखिका नोकरीच्या मुलाखतीला तो पेपर यादीत नसतानाच गेली. ती नोकरी तिला मिळाली नाही. त्या वेळी मी रिव्ह्यूअर लवकर बदलायला हवा होता, ही माझी चूक.

सरांना पटत नसेल तर १९७८ सालची ही हकिकत सांगा. अमेरिकेतल्या हेलेना रॉडबार्ड या तरुण संशोधिकेने अ‍ॅनोरेक्सियाच्या (खाणं टाळण्याच्या मानसिक आजाराच्या) रुग्णांमधल्या इन्सुलिनविषयीचा पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला पाठवला. तो रिव्ह्यूला गेला येल विद्यापीठातल्या एका नामवंत प्राध्यापकांकडे. त्यांनी तो हाताखालच्या संशोधकाला दिला. येलहून शेरा गेला : नाकारावा. हाताखालच्या माणसाने पेपरची प्रत मात्र ठेवून घेतली होती. मग त्या दोघांच्या नावाने त्याच विषयावरचा पेपर दुसऱ्या जर्नलकडे गेला आणि रिव्ह्यूला आला नेमका रॉडबार्डच्या वरिष्ठांकडे. त्यांनी तो वाचायला दिला तिलाच! तिला त्यात आपली वाक्यं जशीच्या तशी दिसली. पुढे तपासणीत आकडेही बनावट निघाले, पेपर मागे घ्यावे लागले, संशोधकाने राजीनामा दिला आणि प्राध्यापकांनाही नुकतंच मिळालेलं मोठं पद सोडावं लागलं. वाक्यं प्राध्यापकांनी उचलली नव्हती. त्यांनी आलेला कागद पुढे सरकवला होता आणि आयत्या पेपरला नाव दिलं होतं.

आता 'कडक'विषयी, कारण हा शब्द मला लागला. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'ला पेपर पाठवला : गुरुत्वीय लहरी नसतातच. संपादकांनी तो रिव्ह्यूला दिला. रिव्ह्यूअरने दहा पानं लिहून चूक कुठे आहे ते दाखवलं. आइन्स्टाइन चिडले, परवानगीवाचून आमचा पेपर तज्ज्ञांना दाखवलाच कसा म्हणून त्यांनी तो परत घेतला. तो रिव्ह्यूअर म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टनमध्ये त्याने आइन्स्टाइनच्या सहायकाशी गप्पांमध्ये हीच चूक उलगडली, पण तो रिपोर्ट आपला होता हे सांगितलं नाही. १९३७ मध्ये पेपर निष्कर्ष बदलून दुसऱ्या जर्नलमध्ये आला. रिव्ह्यूअर कोण होता याची खात्री जगाला २००५ साली झाली. दहा पानांचा तो रिपोर्ट कडकच होता, पण त्यातली प्रत्येक ओळ पेपर सुधारण्यासाठी होती. सरांना हवाय तो उशीर, आणि रिपोर्टच्या आडून मागितलेल्या उशिराला कडक म्हणत नाहीत.

तुमच्या प्रकरणाची काळजी वेगळी घ्यायला हवी. आजवरच्या नोंदवह्या, कच्चा डेटा, मसुदा तारखांसह नीट लावा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला प्रगती मांडावी लागते, तिथे हे सगळं ठेवा म्हणजे इतिवृत्तात येईल. तो पेपर छापून आला की त्यांची पद्धत उघडपणे, संदर्भ देऊन वापरा. वेगळ्या सड्यावर, वेगळ्या हातांनी तेच निष्कर्ष आले तर थिसिस बळकटच होतो.

विद्यार्थ्याकडून पेपर वाचून घेणं मुळात वाईट नाही. मीही तसंच शिकले. पण माझे गाइड संपादकांना आधी विचारायचे आणि पत्रात माझं नाव लिहायचे. संपादकांच्या 'कोप' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात : विचारल्याशिवाय कोणाला गुंतवायचं नाही आणि मदत घेतली तर नाव कळवायचं. पुढच्या पेपरच्या वेळी सरांना तेवढंच विचारा, "सर, माझं नाव कळवाल ना?"

प्रश्न : रिव्ह्यूअरने मला पाच पेपरचे संदर्भ घालायला सांगितलेत. पाचही एकाच माणसाचे. रिव्ह्यूअर तेच सर आहेत हे मी ओळखलं. पुढच्या महिन्यात परिषदेत भेटणार आहेत, तेव्हा विचारू का?

उत्तर : नको. आपण ओळखलं हे त्यांना कळूही देऊ नका, तुमचा अंदाज चुकलेलाही असू शकतो. पाचही पेपर वाचा. जो खरोखर लागू आहे तो घाला. उरलेल्यांबद्दल प्रत्येकी एका ओळीत 'आमच्या प्रश्नाशी संबंध नाही' असं उत्तरात लिहा. संपादकांना वेगळं, सौम्य पत्र पाठवून सुचवलेले सगळे संदर्भ एकाच लेखकाचे आहेत एवढं नजरेस आणा. काय करायचं ते संपादक ठरवतील.