नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचून गर्भ टिकतो का?

प्रश्न : वय 31. तीन वेळा दिवस राहिले, तिन्ही वेळा आठ-दहा आठवड्यांत गर्भाची वाढ थांबली. ‘तुमचे शरीर गर्भाला परका समजते, नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचून घ्या,’ असा सल्ला मिळाला आहे. घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. या उपचाराची अमेरिका आणि कॅनडात रीतसर चाचणी झाली. 1999 मध्ये तिचे निष्कर्ष आले, त्यात फायदा दिसला नाही. उलट दुसऱ्याच्या पेशी टोचल्याने संसर्गाचा आणि नको त्या अँटीबॉडी तयार होण्याचा धोका असतो.

गर्भाचे अर्धे गुण वडिलांचे, हे खरे. पण वारेच्या ज्या पेशी आईच्या रक्ताला भिडलेल्या असतात, त्यांच्यावर परकेपणाच्या नेहमीच्या खुणा नसतातच. त्यांच्यावरचे काही रेणू आईच्या लढाऊ पेशींना आवरतात. गर्भाशयाच्या अस्तरातल्या ‘एनके’ (नॅचरल किलर) या लढाऊ पेशी तर वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. दंडातून काढलेल्या रक्तात एनके पेशी जास्त निघाल्या, म्हणून गर्भाशयात काय चालले आहे ते कळत नाही. त्या रिपोर्टवर पैसे घालवू नका.

तपासायचे ते वेगळेच. सुरुवातीच्या गर्भपातांत गुणसूत्रांतला दोष हे सर्वांत मोठे कारण असते. थायरॉइड, साखर आणि गर्भाशयाचा आकारही पाहावा लागतो. प्रतिकारशक्तीशी संबंधित आणि उपचार करता येण्याजोगे ठळक कारण म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच अँटीबॉडी बनवणे, ज्यांनी रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात होऊ शकतात. त्यासाठी रक्ताच्या तीन तपासण्या आहेत : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-2 ग्लायकोप्रोटीन. पहिल्याच्या नावात ल्युपस असले तरी तो आजार तुम्हाला आहे असा अर्थ होत नाही. हेपारिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) चालू असताना ही पहिली तपासणी फसू शकते, त्यामुळे दिवस राहण्याआधीच करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण साध्या संसर्गानंतरही या अँटीबॉडी तात्पुरत्या वाढतात. इथेच घाई होते आणि एका रिपोर्टवर नऊ महिने इंजेक्शने चालतात.

दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली, तर रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन (साधारण 75 मिग्रॅ) आणि दिवस राहिल्यावर हेपारिन, बहुधा एनॉक्सापॅरिन 40 मिग्रॅ रोज पोटावर, असा उपचार असतो. मात्रा डॉक्टरच ठरवतील. टोचताना बेंबीपासून तीन बोटे लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत घाला, औषध पूर्ण जाईपर्यंत चिमटी सोडू नका, नंतर चोळू नका. चोळल्यानेच मोठे काळे-निळे डाग पडतात. तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो. कळा सुरू झाल्या किंवा रक्त जाऊ लागले, तर पुढचा डोस न घेता दवाखाना गाठा. मणक्यात भूल द्यायची असेल, तर या डोसनंतर किमान 12 तास जावे लागतात. अशा गर्भारपणात रक्तदाबही वाढू शकतो. 140/90 किंवा त्याहून जास्त आला, डोके सतत दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे चमकू लागले, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, यांचा बी पॉझिटिव्ह. नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, क्युरेटिंग केले. अँटी-डी दिले नाही. आज सहा दिवस झाले. – एक वाचक, सांगली

उत्तर : आजच जा. अँटी-डीचे इंजेक्शन 72 तासांच्या आत द्यायचे असते, पण ते हुकले तरी दहा दिवसांपर्यंत काही संरक्षण मिळू शकते. गर्भ पॉझिटिव्ह असेल आणि क्युरेटिंगमध्ये त्याच्या थोड्याशा लाल पेशी तुमच्या रक्तात गेल्या असतील, तर शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला शिकते. अँटी-डी तेच टाळते. पहिल्या खेपेला त्रास होत नाही. पुढच्या खेपेला त्या अँटीबॉडी वार ओलांडून बाळाच्या लाल पेशी फोडतात, मग बाळाला रक्तक्षय आणि कावीळ होते. एकदा त्या तयार झाल्या की अँटी-डीचा उपयोग नाही. म्हणून आधी आयसीटी (अशा अँटीबॉडी रक्तात आहेत का, हे पाहणारी) तपासणी, ती निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन. पुढच्या वेळी 28व्या आठवड्यात 300 मायक्रोग्रॅम आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर 72 तासांत पुन्हा. इंजेक्शनची तारीख फाइलवर लिहून घ्या, कारण त्यानंतर काही आठवडे आयसीटी किंचित पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नवा डॉक्टर गोंधळतो.

प्रश्न : पाचवा महिना आहे. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून सासूबाई रोज गुळवेलीचा काढा देतात. चालेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : बंद करा. गर्भारपणात प्रतिकारशक्ती सरसकट खालावत नाही, तिचा रोख बदलतो. ती औषधाने चेतवायची गरज नसते. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. फ्लू मात्र या काळात खरोखर जड जातो, कारण फुप्फुसांना जागा कमी पडते आणि विषाणूला मिळणारा प्रतिसादही बदललेला असतो. त्यासाठी फ्लूची मृत विषाणूची लस कोणत्याही महिन्यात घेता येते. नाकात फवारायची जिवंत लस मात्र घेऊ नका.