सोलापुरात परसात मांसासाठी कोंबड्यांची पैदास कशी सुरू करावी?

घरच्या घरी पिढ्या वाढवायच्या असतील, तर सुरुवात गावरान जातीने करावी. वनराज किंवा गिरिराज लवकर वजन धरतात हे खरे, परंतु ते संकरित असल्याने त्यांच्या पिल्लांत तेच गुण उतरतील याची खात्री नसते. आठ-दहा तलंगांमागे (तरुण माद्यांमागे) 1 कोंबडा पुरेसा होतो. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली आठवड्याच्या आतली 10 ते 12 अंडी ठेवल्यास 21 दिवसांनी पिल्ले निघतात आणि उबवणी यंत्राचा खर्च वाचतो.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपुढे जात असल्याने पैदास पावसाळा ओसरल्यावर सुरू करावी, खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी आणि छतावर कडबा पसरावा (ज्वारीच्या जिल्ह्यात तो मिळणे अवघड नाही). पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंशांची ऊब लागते; कोंबडी सोबत असेल तर ती देतेच. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी चुकवू नये. गावरान नर खाण्याजोगा होण्यास पाच-सहा महिने लागतात.