फीचे पैसे कापले गेले, अर्ज मात्र ‘पेंडिंग’: पुन्हा भरू नका

घरगुती आरओ बनवणारा छोटा कारखाना, आयएस १६२४० (आरओ जलशुद्धीकरण यंत्रांचं भारतीय मानक) साठी बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा परवाना, त्यांच्या मानकऑनलाइन या पोर्टलवर फी भरली, खात्यातून पैसे गेले आणि अर्जापुढे अजून ‘पेंडिंग’. पुन्हा भरू का, असं तुम्ही विचारलंय. नका भरू. निदान व्यवहाराची नक्की स्थिती बँकेकडून लेखी मिळेपर्यंत तरी नाहीच. आमच्या फर्मचं अगदी हेच झालं होतं, म्हणून ठासून सांगतोय.

अर्जाची फी १,००० रुपये, वर वस्तू-सेवा कर. माझ्या वेळचा हा दर आहे, आजचा पोर्टलवर बघून घ्या. रक्कम किरकोळ आहे. खरं नुकसान वेळेचं होतं. सोप्या पद्धतीने अर्ज करत असाल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आधीच हातात असतो, आणि तो ठरावीक मुदतीतलाच चालतो. फी अडकली की अर्ज अडकतो आणि तिकडे अहवाल शिळा होत जातो. आम्हाला चाचणी पुन्हा करून घ्यावी लागली. आरओच्या चाचणीला काय खर्च येतो ते तुम्हाला सांगायला नको.

आमचा घोळ करंट खात्याच्या नेटबँकिंगमध्ये होता. फर्मच्या खात्यात एकाने व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय असते. भागीदाराची मंजुरी येईपर्यंत पोर्टलचं सेशन संपलेलं. पैसे नंतर गेले, पण ते कुठल्या अर्जाचे हे पलीकडे कळलंच नाही.

इथवर समजण्यासारखं होतं. संताप आणला तो आमच्या बँकेच्या शाखेने. "आमच्याकडे सक्सेसफुल दिसतंय, सरकारी खात्याला विचारा," एवढं एकच उत्तर. लेखी तक्रार घेईनात, पोच देईनात, वर "पुन्हा भरून टाका, पहिले येतील परत" हा सल्ला. कसे येतील? पहिली रक्कम खरंच जमा झाली असेल तर ती आपोआप परत येत नाही, त्यासाठी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो. ज्या काउंटरवर ग्राहकाची तक्रार कागदावर उतरत नाही, तिथे उभं राहण्यात एक दिवसही घालवू नका. बँकेच्या तक्रार विभागाला थेट ईमेल करा. अर्ज क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि स्टेटमेंटचं पान, सगळं एकाच मेलमध्ये. बीआयएसच्या तुमच्या शाखा कार्यालयालाही तीच मेल पाठवा. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

यूपीआय किंवा कार्डने भरलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून पैसे गेले आणि ज्याला पैसे द्यायचे त्याच्याकडे ते मिळाल्याची खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे, तेही तुम्ही न मागता. त्या परिपत्रकाच्या यादीत साधं नेटबँकिंग नाही. म्हणून माझं मत: छोटी फी यूपीआयने किंवा कार्डनेच भरावी, तो पर्याय दिसत असेल तर. मी वकील नाही, सीएही नाही, हे लक्षात घेऊन काय ते ठरवा.

आणखी एक. कन्सल्टंट "माझ्या खात्यातून भरतो" म्हणाला तरी भरू देऊ नका. पावती आणि जीएसटी क्रमांक फर्मच्याच नावाचे हवेत, नाहीतर कराचं क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सोय) गेलं. किमान मार्किंग फीमध्ये (मालावर मानकचिन्ह लावण्यासाठी बीआयएसला द्यायच्या फीमध्ये) लहान उद्योगांना सवलत असते, तेव्हा उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचा दाखला) अर्जाच्या वेळीच जोडा.

तुम्ही कशाने भरलंत, आणि खात्याला दोघांची मंजुरी लागते का, एवढं कळवा. बँकेला पाठवायच्या मेलचा मजकूर त्याप्रमाणे लिहून देतो.