आतड्यात शिरलेलं आतडं सलाइनने सुटतं का?

प्रश्न : आमची नऊ महिन्यांची नात दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, मध्येच मलूल पडायची. सोनोग्राफीत आतड्यात आतडं शिरल्याचं निघालं. डॉक्टरांनी शौचाच्या जागेतून सलाइन सोडून ते सोडवलं. ऑपरेशनशिवाय हे खरंच सुटतं? पुन्हा होईल का? – एक आजी, कराड

उत्तर : सुटतं, आणि वेळेत आलेल्या बहुतेक बाळांचं सुटतं. सर्दी किंवा जुलाबानंतर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या ग्रंथी सुजतात. आतड्याच्या पुढे ढकलणाऱ्या हालचालीत तो फुगवटा सापडतो आणि मागचं आतडं घेऊन मोठ्या आतड्यात शिरतो. उपचार म्हणजे उलट्या दिशेने दाब देऊन त्याला आल्या वाटेने परतवणं.

आधी बाळाचं तोंडाने खाणं-पिणं बंद करतात, शिरेतून सलाइन देतात (पाणी कमी झालं असेल तर किलोमागे 10 ते 20 मिलि एका दमात), उलट्या होत असतील तर नाकातून पोटात नळी घालतात. सर्जन तयार असल्याशिवाय सुरुवात करू नये. मग गुदद्वारातून फोलीची (टोकाला फुगा असलेली) नळी घालून सलाइनची बाटली टेबलापासून साधारण 1 मीटर उंच टांगतात. सलाइन कोमट हवं. साधं पाणी चालत नाही, ते शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम उतरतं. नितंब घट्ट दाबून धरणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम, पण नळीच्या कडेने सलाइन गळलं की दाबच बनत नाही आणि प्रयत्न वाया जातो. एक प्रयत्न साधारण 3 मिनिटांचा, असे तीन. सलाइनऐवजी हवा सोडून करताना दाब 80 पासून सुरू करतात आणि 120 मिलिमीटर पाऱ्याच्या वर नेत नाहीत.

सोनोग्राफीत शिरलेल्या आतड्याची गाठ मागे सरकताना दिसते. ती नाहीशी होऊन सलाइन लहान आतड्यात मोकळं शिरलं, की काम झालं. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप सुजलेली राहते, तिलाच उरलेली गाठ समजण्याची चूक होते. गाठ अर्धी सरकली आणि बाळ ठीक असेल, तर अर्ध्या तासाने किंवा काही तासांनी पुन्हा प्रयत्न करतात. आतडं फाटण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी. मात्र पोट लाकडासारखं घट्ट झालं असेल, आतडं आधीच फाटलं असेल किंवा बाळ शॉकमधून (रक्ताभिसरण कोसळण्यातून) सावरत नसेल, तर हे करायचंच नाही, तिथे ऑपरेशनच.

शंभरातल्या सुमारे दहा बाळांना पुन्हा होतं, बरेचदा पहिल्या दोन दिवसांतच. तेव्हाही हीच पद्धत वापरता येते. पुनःपुन्हा झालं किंवा मूल तीन वर्षांहून मोठं असेल, तर आत पॉलिपसारखं (आतड्याच्या अस्तरावरच्या कोंबासारखं) काही आहे का, ते शोधावं लागतं. घरी तसंच किंचाळणं किंवा हिरवी उलटी दिसली, तर एरंडेल, गुटी, ग्राइप वॉटर काही देऊ नका, थेट रुग्णालय गाठा. रक्त-आव पडण्याची वाट पाहू नका, ते उशिराचं लक्षण आहे.

प्रश्न : मोठ्या मुलाला हाच त्रास झाला होता. धाकट्याला रोटाव्हायरसची लस द्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : द्या. लसीनंतर, विशेषतः पहिल्या डोसनंतरच्या आठवड्यात, हा त्रास होण्याची शक्यता किंचित वाढते, म्हणून त्या दिवसांत लक्ष ठेवा. डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना वेळेवर घ्या. ज्या बाळाला स्वतःला हा त्रास होऊन गेला, त्यालाच ही लस देत नाहीत. भावंडाला झाला म्हणून टाळायची नसते.