देवाला ‘कोठवर?’ असे विचारावे का?

प्रश्न: पती आजारी आहेत, त्यांची नोकरीही गेली. प्रार्थना करूनही मन स्थिर होत नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का?

उत्तर: नाही, ताई. बायबलमधील १३व्या स्तोत्रात दावीद राजा देवाला ‘कोठवर?’ असे चार वेळा विचारतो आणि तेच स्तोत्र देवाच्या दयेवरील भरवशाने संपते. म्हणून तक्रार देवापुढे नेणे हा अविश्वास नव्हे, असे मी ठामपणे म्हणेन. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये गेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली (ती तर मिशनच्या कामातली त्यांची मोठी सोबतीण होती). तरी केडगावच्या मुक्ती मिशनचे, म्हणजे निराधार स्त्रियांच्या आश्रमाचे, काम आणि बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. शब्द सुचत नसतील तेव्हा ते स्तोत्रच मोठ्याने वाचा आणि पाळकांना घरची अडचण स्पष्ट सांगा, कारण एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा मंडळीलाच, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांनाच, दिलेली आहे.